4 जीबीच्या लॅबमध्ये जावा कशी शिकवावी?

पत्र: मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदविका महाविद्यालयात जावा शिकवते. लॅबमधले सगळे संगणक 4 जीबी रॅमचे, विंडोज 10 वरचे. जावा 8 आणि नोटपॅड, एवढ्यावरच आमची प्रॅक्टिकल्स चालतात. मागच्या महिन्यात आमच्या दोन मुली पुण्याला इंटर्नशिपच्या मुलाखतीला गेल्या होत्या. तिथे लॅपटॉप समोर ठेवून सांगितलं, ‘हा प्रोजेक्ट गिटवरून (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) घ्या, इंटेलिजेमध्ये (जावाचा एक आयडीई) उघडा आणि यातली चूक शोधा.’ दोघी वर्गात हुशार, पण तिथे काय करायचं ते सुचलंच नाही. विभागप्रमुख म्हणतात, परीक्षेत प्रोग्राम कागदावर लिहायचा असतो, आयडीई (कोड लिहायला, चालवायला, तपासायला मदत करणारं सॉफ्टवेअर) दिला की मुलं सिंटॅक्स विसरतात. एक विक्रेता परवान्यांचं कोटेशन देऊन गेलाय. ओरॅकलची जावा आता पैसे भरल्याशिवाय वापरता येत नाही, असं त्याचं म्हणणं. नेट तर दिवसातून अनेकदा जातं. मी काय बसवू आणि कोणत्या क्रमाने शिकवू?
— एक अधिव्याख्याता

नमस्कार मॅडम,

ते कोटेशन परत करा. तुम्हाला लागणारं सगळं फुकट आणि कायदेशीर मिळतं, आणि एकदा पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. 4 जीबीची अडचण आहे, पण ती निभावून नेता येते.

खरी अडचण मला दुसरीच दिसते. नोटपॅडमध्ये लिहून काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) चालवणाऱ्या मुलांना प्रोग्रामचा शेवटचा आउटपुट तेवढा दिसतो. ऑब्जेक्ट कधी तयार झाला, त्याच्या पोटात काय आहे, कोणती मेथड कोणाची चालली, यातलं काहीच त्यांना डोळ्यांनी बघायला मिळत नाही. जावाचा सगळा प्राण ऑब्जेक्टमध्ये, आणि मुलं दोन सत्रं शिकूनही एकही ऑब्जेक्ट न बघता बाहेर पडतात. त्या दोघींना ‘चूक शोधा’ म्हटल्यावर काही सुचलं नाही, याचं कारण इंटेलिजेची ओळख नव्हती हे फार थोडं. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघता येतं, हेच त्यांना कोणी दाखवलेलं नव्हतं. म्हणून साधनं निवडताना एकच कसोटी लावा: याने मुलांना ऑब्जेक्ट दिसतो का?

आधी परवान्याचं बघू, कारण विक्रेते नेमकं तिथेच घाबरवतात. जावा ही भाषा वेगळी आणि तिचा कंपाइलर बांधून देणारी कंपनी वेगळी. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने 2006 पासून जावाचा सोर्स खुला करायला सुरुवात केली आणि त्यातून ओपनजेडीके, म्हणजे जेडीके या कंपाइलरसह येणाऱ्या साधनसंचाचं खुलं रूप, उभं राहिलं. 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. 2019 पासून जावा 8 चे नवे अपडेट व्यावसायिक वापरासाठी हवे असतील तर ओरॅकल पैसे घेऊ लागली, आणि तेव्हापासून ‘जावा आता पैशांची झाली’ ही आवई सुरू आहे. वस्तुस्थिती अशी की ओपनजेडीकेच्या त्याच सोर्सवरून अनेक संस्था स्वतःचं बांधकाम फुकट देतात. अ‍ॅमेझॉनचं कोरेटो आहे, मायक्रोसॉफ्टचं आहे, आणि एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या अ‍ॅडॉप्टियम प्रकल्पाचं टेम्युरिन आहे. तुम्ही टेम्युरिन घ्या. कॉलेजमध्ये वापरा, उद्या एखाद्या मुलाने स्वतःचा व्यवसाय काढला तर तिथे वापरा, कोणी पैसे मागायला येणार नाही.

आवृत्ती 21 घ्या. ती 2023 ची, दीर्घ मुदतीच्या पाठिंब्याची आहे. एक मात्र आधी तपासा. तुमच्या प्रॅक्टिकलच्या यादीत अजून अ‍ॅपलेट (ब्राउझरच्या पानात चालणारे छोटे जावा प्रोग्राम) असतील, तर अ‍ॅपलेट व्ह्यूअर जावा 11 पासून काढून टाकलेला आहे. तेवढ्यासाठी टेम्युरिनची 8 बाजूला ठेवा. एका संगणकावर दोन जेडीके सुखाने राहतात, कोणतं चालवायचं ते पाथवर ठरतं. आणि अभ्यासक्रम समितीत तुमचं म्हणणं पोचत असेल, तर अ‍ॅपलेट काढायला सांगा. कुठलाही आजचा ब्राउझर ते चालवत नाही, आणि त्यावर घालवलेले तास मुलांच्या हाती काही लागू देत नाहीत.

आता पहिले दोन आठवडे. या दोन आठवड्यांत ब्लूजे वापरा, हा माझा सगळ्यांत आग्रहाचा सल्ला. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी 1999 च्या सुमारास ते खास शिकवण्यासाठी बनवलं. फुकट आहे, आटोपशीर आहे, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जेडीके सोबतच येतं. ते उघडल्यावर क्लास चौकोनांसारखे दिसतात, त्यांच्यातलं नातं बाणांनी दिसतं. क्लासवर उजवं बटण दाबून कन्स्ट्रक्टर निवडला की खालच्या पट्टीवर लाल रंगाचा ऑब्जेक्ट येऊन बसतो. त्यावर उजवं बटण दाबून मेथड चालवता येते, दोनदा क्लिक केलं की त्याच्या आतल्या किमती दिसतात. हे सगळं मेन मेथडची एक ओळही न लिहिता होतं.

उदाहरण बँकेच्या खात्याचं घेऊ नका, ते प्रत्येक पुस्तकात आहे आणि मुलं ते वाचून पाठ करतात. एसटीचं तिकीट घ्या. तुमची निम्मी मुलं रोज एसटीने येत असतील. तिकीट नावाचा क्लास, त्यात कुठून, कुठे, मूळ भाडं, आणि भाडं सांगणारी एक मेथड. मुलांना एकाच क्लासची तीन तिकिटं पट्टीवर काढायला लावा, तिन्हींच्या आत डोकावायला लावा. क्लास एक आणि ऑब्जेक्ट तीन म्हणजे काय, हे फळ्यावर समजावताना जो तास जातो तो वाचतो. मग सवलतीकडे वळा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं भाडं आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. म्हणजे तिकीट या क्लासचे दोन सबक्लास झाले, आणि प्रत्येकाने भाड्याची मेथड आपल्या पद्धतीने लिहिली. इनहेरिटन्स शिकवायला प्राण्यांच्या आवाजांची गरज उरत नाही.

विभागप्रमुखांची काळजी पुढच्या दोन आठवड्यांत दूर होईल. तेव्हा पुन्हा नोटपॅडवर या. मुलांनी जावासी ही आज्ञा लिहून कंपाइल करावं, जावा ही आज्ञा लिहून चालवावं, एरर वाचावी. पॅकेजचं नाव आणि फोल्डरचं नाव जुळलं नाही की काय होतं, क्लासपाथ (क्लास कुठे शोधायचे तो रस्ता) चुकला की कोणता एक्सेप्शन येतो, हे हाताने एकदा भोगलेलं असलं की पुढे आयडीईने तीच तक्रार केली तर मूल गोंधळत नाही. आयडीईतलं हिरवं बटण खाली याच आज्ञा चालवत असतं. नोटपॅडचा मुक्काम मात्र दोन आठवड्यांच्या वर लांबवू नका. सिंटॅक्स पक्की करायला तेवढा काळ पुरतो, आणि कागदावरच्या परीक्षेची तयारी कागदावरच लिहून होते.

यानंतर आयडीई. तुमच्या लॅबसाठी मी एक्लिप्स निवडेन. आयबीएमने ते 2001 मध्ये खुलं केलं, 2004 पासून एक्लिप्स फाउंडेशन सांभाळतं. ते झिप स्वरूपात मिळतं. पेनड्राइव्हवरून फोल्डर कॉपी करायचं, उघडायचं, झालं. ‘जावा डेव्हलपर्स’साठीचं पॅकेज घ्या, एंटरप्राइझचं मोठं नको. त्यात गिट आणि मेव्हनची (प्रोजेक्ट बिल्ड करणारं, लागणाऱ्या लायब्ऱ्या आणणारं साधन) सोय आधीच असते, कोड तपासणाऱ्या टेस्ट चालवणारं जेयुनिटही असतं. त्याच्या फोल्डरमधल्या आयएनआय फाइलमध्ये जास्तीत जास्त किती मेमरी घ्यायची तो आकडा असतो, तो 1024 एमबीवर आणून ठेवा. मुलांच्या प्रोग्रामांना तेवढी भरपूर होते. ब्राउझर बंद ठेवायची शिस्त मात्र लावावी लागेल.

व्हीएस कोड हलका म्हणून लोक सुचवतील. नुसता एडिटर म्हणून तो हलका आहेच. पण त्यात जावाचं एक्स्टेंशन घातलं की पडद्याआड एक्लिप्सचंच जावा इंजिन सुरू होतं आणि मेमरी खाऊ लागतं. म्हणजे 4 जीबीवर तुमची बचत वाटते तेवढी होत नाही. यामागे एक गमतीशीर नातं आहे. एरिक गॅमा या स्विस संगणकतज्ज्ञाने केंट बेकसोबत 1997 मध्ये विमानप्रवासात जेयुनिट लिहायला घेतलं, पुढे एक्लिप्सच्या जावा साधनांचं नेतृत्व केलं, आणि नंतर मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन व्हीएस कोड उभा केला. तिन्हींतली एकही गोष्ट मनापासून शिकलेलं मूल बाकीच्या दोन ओळखीच्या नजरेने बघू शकतं.

नेटबीन्स चांगलं आहे. 1996 मध्ये प्रागमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला तो प्रकल्प आज अपाचेकडे आहे, आणि स्विंग या जावाच्या लायब्ररीतल्या खिडक्या माउसने ओढून बनवायच्या असतील तर त्याचा फॉर्म बिल्डर अजून सोपा वाटतो. तुमच्याकडे स्विंगची प्रॅक्टिकल्स बरीच असतील तर त्याचा विचार करा. इंटेलिजे आयडिया माझ्या मते जावासाठी आजचं सगळ्यांत समजूतदार साधन आहे, आणि साध्या जावासाठी लागणारं सगळं त्यात पैसे न भरता मिळतं. पण 8 जीबीच्या खाली ते धापा टाकतं. विभागाला कधी थोडे पैसे मिळाले, तर परवाने न घेता चार संगणकांची रॅम वाढवा आणि त्या चारांवर इंटेलिजे बसवा. शेवटच्या सत्रातल्या मुलांना आळीपाळीने तिथे बसवता येईल.

सिंटॅक्स विसरण्याच्या भीतीचं मूळ आपोआप पुरं होणाऱ्या शब्दांत आहे. ती सोय बंद करता येते. एक्लिप्सच्या प्रेफरन्सेसमध्ये जावा, एडिटर, कंटेंट असिस्ट असं आत गेलं की ऑटो अ‍ॅक्टिव्हेशनची खूण काढता येते. पहिलं सत्र खूण काढलेली ठेवा. एआयची मदतनीस एक्स्टेंशन्सही त्या सत्रात बसवू नका. ज्या मुलाने स्वतः एकही लूप चुकवलेला नाही, त्याला तयार कोड मिळाला तर तो बरोबर आहे की नाही हे ठरवायला त्याच्याकडे काहीच नसतं. एवढं केलंत की विभागप्रमुखांशी वादाचं कारण उरणार नाही, आणि डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन, तुमच्याकडे राहील.

आता त्याच डीबगरविषयी, कारण त्या दोघी नेमक्या तिथेच अडल्या. नवशिकी मुलं एक चूक हमखास करतात. प्रवाशांची यादी भरायची असते, मूल नवं तिकीट लूपच्या बाहेर एकदाच बनवतं आणि लूपच्या आत त्याच तिकिटात नावं बदलत ते यादीत घालत राहतं. छापल्यावर सगळीकडे शेवटच्या प्रवाशाचं नाव येतं. नोटपॅडवालं मूल इथे तासभर कोडकडे बघत बसतं, कारण प्रत्येक ओळ वेगळी वाचली तर बरोबरच दिसते. त्याला एक्लिप्समध्ये लूपच्या आतल्या ओळीच्या डाव्या समासात दोनदा क्लिक करायला सांगा. तिथे निळा ठिपका येईल, तो ब्रेकपॉइंट. प्रोग्राम डीबगमध्ये चालवला की तिथे येऊन थांबतो. एफ6 दाबत एक एक ओळ पुढे जायचं, आणि व्हेरिएबल्सच्या खिडकीत यादी उघडून बघायची. प्रत्येक ऑब्जेक्टपुढे एक्लिप्स एक ओळख क्रमांक दाखवतं. यादीतल्या सगळ्या ओळींपुढे तोच क्रमांक दिसला की मुलाला कळतं की यादीत तिकिटं पाच नाहीत, एकाच तिकिटाकडे जाणारे पाच रेफरन्स आहेत. व्हेरिएबल म्हणजे ऑब्जेक्ट नव्हे, ऑब्जेक्टचा पत्ता, हे वाक्य आपण सगळे फळ्यावर सांगतो. त्या क्रमांकाकडे बोट ठेवून सांगितलं की ते मुलाचं स्वतःचं होतं.

दुसरा धडा एफ5 चा. व्हेरिएबलचा प्रकार तिकीट, पण त्यात ऑब्जेक्ट महिला सवलतीच्या तिकिटाचा. भाड्याच्या मेथडवर थांबून एफ5 दाबलं की डीबगर सरळ सबक्लासच्या मेथडमध्ये शिरतो. पॉलिमॉर्फिझमची व्याख्या दहा गुणांसाठी पाठ करणारी मुलं हे बघून थबकतात आणि पुन्हा करून बघायला मागतात. त्यांना मागू द्या, तो तास वाया गेलेला नाही. स्ट्रिंगची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी का फसते, हेही याच खिडकीत दाखवून टाका.

याच सुमारास नाव बदलण्याची सोय दाखवा. क्लासचं किंवा मेथडचं नाव एका ठिकाणी बदललं की एक्लिप्स संपूर्ण प्रोजेक्टमध्ये नेमकं तेवढंच बदलतं, योगायोगाने तेच नाव असलेल्या दुसऱ्या गोष्टीला हात लावत नाही. शोधा-आणि-बदलापेक्षा हे वेगळं आहे, कारण आयडीईला कोडची अक्षरं कळण्यापलीकडे त्यातले क्लास आणि त्यांची नाती कळतात. अशी साधनं मुळात स्मॉलटॉक या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेच्या लोकांनी बनवली आणि तिथून ती जावात आली.

गिटसाठी नेट रोज लागतं हा गैरसमज आहे. लिनस टॉरव्हाल्ड्सने 2005 मध्ये ते बनवलं तेच असं, की प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहास राहतो. तुमच्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये एक बेअर रिपॉझिटरी (कोडचा नुसता इतिहास साठवणारं सामायिक कोठार) बनवा. मुलं लॅबच्या लॅनवरून ती क्लोन करतील (तिची प्रत घेतील), काम करतील, कमिट करतील (बदल नोंदवतील), परत पुश करतील (तिथे पाठवतील). नेट गेलं तरी काहीही अडत नाही. शिवाय जर्नल तपासताना कोणी कधी किती लिहिलं ते तुम्हाला दिसेल. एका रात्रीत आलेला आख्खा प्रोजेक्ट आणि महिनाभर थोडा थोडा वाढलेला प्रोजेक्ट यांतला फरक लपत नाही.

मेव्हनचं नेटशी नातं मात्र जवळचं आहे. लागणाऱ्या लायब्ऱ्या ते पहिल्यांदा मेव्हन सेंट्रलवरून उतरवतं आणि तुमच्या यूजर फोल्डरमधल्या एम2 नावाच्या फोल्डरात साठवतं. युक्ती अशी: नेट चांगलं असेल त्या दिवशी एका संगणकावर वर्षभराचे सगळे प्रोजेक्ट एकदा बिल्ड करून, त्यांच्या टेस्टसुद्धा चालवून घ्या, आणि तो फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हने बाकीच्या संगणकांवर न्या. मग मेव्हनला ऑफलाइन चालायला सांगितलं की ते बाहेर बघतच नाही. ग्रेडल हे मेव्हनसारखंच साधन सध्या बाजूला ठेवा. अँड्रॉइडकडे जाणाऱ्या मुलांना ते अँड्रॉइड स्टुडिओत भेटेलच, आणि अँड्रॉइड स्टुडिओ तुमच्या संगणकांवर चालवायचा प्रयत्न करू नका.

प्रॅक्टिकल देण्याची पद्धतही बदलून बघा. प्रश्नाबरोबर जेयुनिटच्या चार-पाच टेस्ट लिहून द्या: साधं भाडं, महिलेचं भाडं, 75 वर्षांवरच्या प्रवाशाचं शून्य, आणि बरोबर 75 वर्षांच्या प्रवाशाचं काय, तेही ठरवून. मुलांनी क्लास असा लिहायचा की लाल पट्टी हिरवी व्हावी. वर्गभर फिरून प्रत्येकाचा आउटपुट तपासण्याचा तुमचा वेळ वाचेल, तो अडलेल्या मुलाजवळ बसायला मिळेल.

काही किरकोळ, पण वेळ खाणाऱ्या गोष्टी. 4 जीबीच्या जुन्या संगणकांवर पुष्कळदा 32 बिटचं विंडोज असतं. एक्लिप्सने 2018 च्या अखेरीस 32 बिटचा पाठिंबा सोडला, त्यामुळे आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिमची माहिती बघून घ्या, नाहीतर अर्धा दिवस न चालणाऱ्या इन्स्टॉलरपुढे जाईल. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आहे. एक-दोन संगणकांवर हलकं लिनक्स बसवून बघा, त्याच 4 जीबीवर एक्लिप्स मोकळा श्वास घेतं. आणि मुलांना प्रोग्राममध्ये मराठी लिहू द्या. जावाचे क्लास आणि व्हेरिएबलची नावंही देवनागरीत चालतात. पूर्वी विंडोजवर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं व्हायची. जावा 18 पासून यूटीएफ-8 हेच मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) असल्याने फाइलींची ती कटकट संपली. काळ्या खिडकीत अजून कधी प्रश्नचिन्हं दिसतील, तेव्हा एक्लिप्सच्या कन्सोलमध्ये चालवून बघा.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावाचे धडे आहेत, एक्लिप्स वापरून केलेले, आणि त्यांचं मराठी डबिंगही आहे. पडदे जुन्या आवृत्तीचे दिसतील, पण इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांसाठी उतरवून लॅबमध्ये ठेवा.

शेवटी त्या दोन मुलींचं. त्यांना पुन्हा मुलाखतीला जायचंच आहे, तर सत्र सुरू होण्याची वाट बघू नका. तुमच्या रिपॉझिटरीत एसटीच्या तिकिटांचा प्रोजेक्ट ठेवा आणि त्यात मुद्दाम तीन चुका पेरा: एक लूपबाहेरच्या नव्या ऑब्जेक्टची, एक स्ट्रिंगच्या तुलनेची, एक 75 वर्षांच्या सीमेवरची. दोघींना एका संगणकावर शेजारी बसवा. एकीने क्लोन करून उघडायचं, दुसरीने ब्रेकपॉइंट कुठे लावायचा ते सांगायचं, आणि प्रत्येक चूक सापडली की ती का घडली हे मोठ्याने बोलून दाखवायचं. मुलाखतीत समोरचा नेमकं तेच ऐकायला बसलेला असतो. चुका सापडल्या की प्रत्येकीने एक नवी चूक पेरून दुसरीला द्यावी. इंटेलिजेची बटणं वेगळी आहेत, एफ6 च्या जागी तिथे एफ8 आहे आणि एफ5 च्या जागी एफ7. ज्याच्याकडे 8 जीबीचा लॅपटॉप आहे अशा कोणाकडे एक दुपार बसून त्या तेवढं शिकून घेतील.